मोरपिसांचं घर

चहाचा ट्रे घेऊन मुलगा बाहेर आला, तेव्हा कपबश्या अशा वाजत होत्या की उंबऱ्यावर झोपलेली मांजर उठून अंगणात निघून गेली.

“बसा हो,” कुमुदआत्या त्याला म्हणाली. घर त्याचं, झोपाळा त्याचा, आणि बसा म्हणणारी माझी आत्या. तो बसला. झोपाळ्यावर नाही, समोरच्या स्टुलावर, पाय जुळवून, मान खाली घालून. माजघराच्या पडद्याखाली दोन पावलं दिसत होती. ती त्याच्या आईची.

“नाव काय आपलं?” मी विचारलं.

“दिगंबर. दिगंबर रेडीज.”

“शिक्षण?”

“मेकॅनिकलचा डिप्लोमा. इथे दाभोळच्या जेटीवर वर्कशॉप आहे माझं. लाँचची इंजिनं दुरुस्त करतो.”

“गाता येतं का?” आत्याने विचारलं. मला हसू आवरेना म्हणून मी कप तोंडाला लावला.

“येत नाही,” तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, “पण शिकेन.”

अशा रीतीने, आमच्या शेट्ये घराण्यात पहिल्यांदाच, मुलगी मुलगा बघायला आली होती. याला जबाबदार होता एक पक्षी.

मी तेव्हा खाडीच्या पलीकडच्या तीरावर, अंजनवेलच्या कड्यावर काम करत होते. किनाऱ्यावरच्या प्राण्यांची पाहणी करणाऱ्या एका संस्थेने मला नेमलं होतं. दुर्बीण, काळी छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन दिवसभर कड्यावर बसायचं, खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन किती आले, पाणपक्षी कुठले आले, वाळूवर कासवाच्या खुणा आहेत का, ते बघायचं. जगातली सगळ्यात सुंदर नोकरी ती. पण आमच्या अप्पांच्या मते “उन्हात बसून मासे मोजणं” हे काही शिकल्यासवरल्या मुलीचं काम नव्हे. त्यांनी माझे बघण्याचे कार्यक्रम लावले. आलेली मंडळी पोहे खात, गाणं म्हणायला लावत, चालून दाखवायला सांगत. शेवटी एका रात्री जेवताना माझा तोल गेला.

“अप्पा, सुगरण पक्ष्यात घरटं कोण विणतं ठाऊक आहे? नर. अर्धं विणून झालं की त्याला लटकून पंख फडफडवत ओरडतो, या, बघा. मग मादी येते. आत शिरते, काड्या ओढून बघते. पसंत पडलं तर राहते, नाहीतर चालती होते. आणि तो बिचारा दुसरं विणायला घेतो. सगळं काम त्याचं, आणि तुम्ही लोकांनी नाव ठेवलंत सुगरण! यापुढे मी कुणापुढे बसणार नाही. मुलाचं घर मी बघायला जाईन.”

अप्पांनी शांतपणे ताकाचा घोट घेतला. “बघ. असा कोणी मुलगा तयार झाला तर खुशाल जा. पण हेमांगी, हे शेवटचं. तिथून नकार घेऊन आलीस, तर ती कड्यावरची नोकरी बंद, आणि मी सांगेन त्या पाटावर उभं राहायचं.”

तो पाट कुठला, तेही मला माहीत होतं. कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यातला एक हिशेबनीस अप्पांनी हेरून ठेवला होता. त्याची अट एकच होती, बायकोने घराबाहेर काम करायचं नाही.

असा तयार होणारा मुलगा सापडणार नाही, हा अप्पांचा हिशेब होता. खरं सांगायचं तर माझाही होता. पण कुमुदआत्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, सगळ्या तालुक्याला तिने कधी ना कधी सुई टोचलेली. तिने चार ठिकाणी विषय काढला, आणि दाभोळहून निरोप आला: “जरूर या. घर बघून जा.” खाली सही होती, ‘मुलगा’.

निरोप मुलाचाच होता. तिथेच मला तो थोडासा आवडला. आणि तिथेच भीतीही वाटायला लागली. हा खरा निघाला तर माझा कडा माझा राहणार होता. हा लबाड निघाला, तर होकार दिला तरी खड्डा आणि नकार दिला तरी खड्डा.

आमच्या गावाहून दाभोळला जायचं तर धोपाव्याहून लाँचने खाडी ओलांडायची, बसल्या बसल्या पोचतो माणूस. आम्ही मात्र चिपळूण, खेड, दापोली असा सगळा वळसा घालून एसटीने गेलो. आत्याची कंबर कामातून गेली. रस्त्यात पक्षी बघायचे आहेत, असं मी तिला सांगितलं होतं. बसच्या खिडकीतून दिवसभरात मला एक कावळा दिसला.

“पोहे कसे झालेत?” दिगंबरने विचारलं.

पोहे फार सुरेख झाले होते. मऊ, मोकळे, वर ओलं खोबरं. “कोणी केले?”

“मी.”

पडद्याखालची पावलं जराशी हलली.

“मग स्वयंपाकघर बघू या,” मी म्हणाले, आणि उठलेच. सुगरणीची मादी काड्या ओढून बघते ती अशी.

स्वयंपाकघर आरशासारखं लख्ख होतं. फळीवर पितळी डबे ओळीने मांडलेले. माई, म्हणजे त्याची आई, पदराला हात पुसत चुलीपाशी उभ्या राहिल्या. बाई मोठ्या प्रेमळ दिसत होत्या, पण आता त्यांच्या कपाळावर घाम होता.

“हळद कुठल्या डब्यात?” मी विचारलं.

दिगंबरने आत्मविश्वासाने एक डबा उघडला. साबुदाणा. दुसरा उघडला. डिंक. तिसरा उघडला, तर आत मशेरी.

“ती शेजारणीची,” माई घाईघाईने म्हणाल्या. “ठेवायला दिल्यान माझ्याकडे.”

दिगंबरने डबा मिटला. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, “पोहे आईने केले. मी फक्त शेंगदाणे भाजले. ते जळाले, म्हणून ते टाकून तिने दुसरे भाजले. मी नारळ फोडलाय, तेवढा खरा.”

“अरे मेल्या!” माई कळवळल्या. “एवढा शिकवला तुला, आणि पाच मिनटं धीर धरवला नाय?”

मला तो इतका आवडला की विचारू नका. खोटं बोलताना पकडलेला पुरुष एवढ्या चटकन कबूल होतो, हे आमच्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं. अप्पा तर चष्मा स्वतःच्या कपाळावर असताना दुसऱ्यावर आळ घेणारे. मी मनातल्या मनात कोल्हापूरच्या हिशेबनिसाला निरोप दिला आणि बाहेर येऊन आत्याच्या कानाशी लागले. “आत्या, खरा माणूस आहे गं.”

आत्याने बडीशेप चघळत माझ्याकडे बघितलं. “तूच मला सांगितलं होतंस ना, पालीच्या अंगाशी आलं की ती शेपूट टाकते? शेपूट वळवळत राहतं, मांजर त्याच्याकडे बघत बसते, आणि पाल निसटते?”

“मग?”

“मग पोहे हे शेपूट आहे. पाल कुठे गेली ते बघ.”

आपलंच शिकवलेलं आपल्यावर उलटलं की माणूस चिडतो. मीही चिडले. पण नजर फिरवायला लागले.

एक गोष्ट मला आल्या आल्याच दिसली होती आणि मी तिच्यावर भाळले होते. त्या घरात मोरपिसं होती. एखाददुसरं नाही. आजोबांच्या तसबिरीमागे मोरपिसं, घड्याळामागे मोरपिसं, आरशाच्या चौकटीत, विजेच्या मीटरवर, ट्यूबलाइटच्या दोन्ही टोकांना, माडीच्या जिन्यालाही. माझ्या मनाने तेव्हाच कौल दिला होता: पक्ष्यांवर प्रेम करणारं घर! मुलीचं नशीब बघा!

“पिसं फार सुंदर आहेत,” मी म्हणाले. “पावसाळा सरला की मोर पिसारा झाडतो, तेव्हा गोळा केलीत का? तुम्हाला पक्ष्यांची आवड दिसते.”

दिगंबर एवढंसं थांबला. “हो. म्हणजे... मोर छानच असतो.”

“आणखी कुठले पक्षी आवडतात?”

“कोंबडी,” तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

माईंनी विषय बदलायला पाहिला. “बाय, तू ते डॉल्फिन मासे मोजतंस ना गो?”

“तो मासा नाही, माई.”

“समुद्रात ऱ्हातो, पोहतो. मासा नाय तर काय म्हस?”

“म्हशीच्याच जवळचा आहे. त्याचे पूर्वज कधीकाळी जमिनीवर चालत होते, मग पाण्यात गेले. पुढच्या पायांचे वल्हे झाले, पण आत हाडं अजून बोटांचीच आहेत. कल्ले नाहीत त्याला, फुप्फुसं आहेत. आणि पिलाला दूध पाजतो.”

“दूध? पाण्यात?” माईंचा हात हनुवटीवर गेला. “मग त्यात पाणी नाय मिसळत?”

“आमच्या गवळ्याला विचारायला हवं,” आत्या म्हणाली.

“नाही मिसळत. दूध फार दाट असतं, आणि पिलू आईला चिकटूनच पितं. पण त्याची एक अडचण आहे. कितीही खोल बुडी मारली तरी श्वास घ्यायला वर यावंच लागतं. मी कड्यावर बसते ती त्याच्यासाठीच. लपला तरी कुठे ना कुठे नाक काढतोच.”

हे म्हणताना मी मुद्दाम दिगंबरकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. डोळे मोठे समंजस होते त्याचे. मला वाटलं, आत्या उगाच संशय घेते आहे.

आणि तेवढ्यात आजोबांच्या तसबिरीमागून आवाज आला. चुक चुक चुक.

मनात शंकेची पाल चुकचुकते असं आपण म्हणतो. माझ्या बाबतीत ती भिंतीवर चुकचुकली. माईंनी सवयीने दाराच्या चौकटीवर बोटं आपटली. “कृष्ण कृष्ण.” आणि मग त्यांचंच तोंड उतरलं, कारण दिगंबर पांढराफटक पडला होता. आत्ता माझ्याकडे बघणारे ते समंजस डोळे छताला जाऊन चिकटले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खाडीकाठचं कौलारू घर, दिवे लागले की किड्यांचा हा खच पडणार, आणि या आवाजापर्यंत अख्ख्या घरात एकही पाल नाही! एवढा वेळ मला ते खटकलं नव्हतं. शिकताना पालींचाही अभ्यास केलेल्या बाईला दिसायला हवं होतं ते पालीचं नसणं, आणि ती बसली होती मोराचं कौतुक करत. मोरपिसं लावली की पाली घरात येत नाहीत, हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. मला मात्र पिसं दिसली की फक्त पक्षी दिसतो. शिक्षणाने माणसाचं असंही होतं.

“ही पिसं पालींसाठी आहेत,” मी म्हणाले.

“छे छे,” माई म्हणाल्या.

“दारावर ती अंड्याची टरफलं टांगलीत, तीही?”

“ती... दृष्ट लागू नये म्हणून.”

“माई, मोर पाली-सरडे खातो हे खरं आहे. पण पिसाला तोंड नसतं.”

माझं म्हणणं खरं करायचं असंच जणू त्या पालीने ठरवलं. ती तसबिरीमागून बाहेर आली, एका मोरपिसाच्या डोळ्यावर घटकाभर बसली, तिथून आढ्यावर गेली आणि उलटी चालत बरोबर दिगंबरच्या डोक्यावर येऊन थांबली.

“हलू नका,” मी म्हणाले. “ती काही करत नाही. तिच्या तळव्यांवर अतिबारीक केस असतात, त्यांनी ती छताला धरून असते. सहसा पडत नाही.”

सहसा.

ती पडली ती त्याच्या उजव्या खांद्यावर.

एवढा धिप्पाड माणूस एवढ्या पटकन उडी मारू शकतो, हे मी त्याआधी फक्त बेडकात पाहिलं होतं. एका क्षणात तो स्टुलावरून झोपाळ्यावर गेला. बसला नाही, उभा राहिला. झोपाळा सुटला. दोन्ही कड्या घट्ट धरून तो पुढे येई, मागे जाई, आणि प्रत्येक खेपेला ओरडे, “गेली का? गेली का?” माई त्याच्यामागे धावत ओरडत होत्या, “उजव्या खांद्यावर! शुभ असतं रे! उजव्या खांद्यावर!” आत्या पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली होती. पाल केव्हाच भिंत चढून ट्यूबलाइटमागे गेली होती. तिचं शेपूट तेवढं माझ्या पोह्यांच्या बशीत पडून ओल्या खोबऱ्यावर वळवळत होतं.

मी झोपाळा धरून थांबवला. शेपूट बशीसकट अंगणात नेऊन टाकलं. मांजर खूश झाली. परत येऊन मी म्हणाले, “उतरा खाली. ट्यूबलाइटमागे आहे ती. तुमच्यापेक्षा जास्त घाबरलीय.”

“तसं शक्य नाही,” तो म्हणाला. पण उतरला.

मग त्याने शर्टाचा खांदा रुमालाने पुसला, पुन्हा पुसला, आणि स्टुलावर बसून मान वर केली.

“लहानपणापासून आहे,” तो म्हणाला. “साप चालतो मला. वर्कशॉपच्या मागे खाडीत मगर येऊन ऊन खाते, तिच्याही समोर मी इंजिन धुतो. पण पाल नाही. तुम्ही येणार म्हणून आठवडाभर सगळं घर झाडून घेतलं. ही कुठून राहिली कोण जाणे.”

“आणि माझ्या कामात सरपटणारे प्राणी येतात, हे ठाऊक होतं तुम्हाला?”

“हो.”

“तरी या म्हणालात?”

त्याने रुमालाची घडी घातली. माईंनीच तोंड उघडलं. “सांग रे आता. लपवून काय ऱ्हायलंय?”

“आजवर आईने मला सहा-सात घरी नेलं,” तो म्हणाला. “मुली बघायला. गेलं की पडवीत बसवतात, पोहे देतात, मुलगी येऊन समोर बसते. आणि परक्या घरात गेलो की मला आधी छतच दिसतं. कुठेतरी एक असतेच. मग मी पोहे खातो ते छताकडे बघत, उत्तरं देतो ती छताकडे बघत. बाहेर पडल्यावर आई विचारते, मुलगी कशी वाटली? मी मुलगी बघितलेलीच नसते. वर वासे किती होते ते सांगू शकतो. सगळ्या घरांनी सांगून टाकलं, मुलगा शिष्ट आहे, मुलीकडे ढुंकून बघत नाही.”

आत्याचं हसणं थांबलं होतं.

“मग तुमच्याकडून निरोप आला, मुलगी घर बघायला येणार. म्हटलं, आपल्या घरात, सगळं झाडून घेतलं, तर एकदा तरी समोर बघता येईल.” त्याचे कान लाल झाले. “म्हणून या म्हणालो. पोह्यांचं आईने ठरवलं.”

मला काय वाटलं ते साधं आहे. माया वाटली. सुगरणीची मादी घरट्याच्या काड्या ओढून बघते. मी ओढून बघितल्या होत्या, आणि हातात एवढं मोठं गुपित आलं होतं. घाबरट माणूस होता तो, पण त्या भीतीपोटी त्याने कोणा मुलीला नाव ठेवलं नव्हतं. शिष्ट म्हणवून घेतलं, पण गप्प राहिला.

“मी लग्नानंतर नोकरी सोडणार नाही,” मी म्हणाले. आवाज जरा चढलाच माझा. “कडा सोडणार नाही.”

“सोडू नका.”

“एवढं सोपं?”

“त्यात अवघड काय आहे?”

माईंना आता हुरूप आला. “ठरलाच म्हणायचा! विहीणबाई, तुमी आता एसटीने जाऊ नका. ती कंबर ऱ्हायची नाय. आमचा दिगू लाँच घेऊन सोडील पलीकडे. मुखाशी जाऊन डॉल्फिन पण दाखवील. हिला काय, पाण्यात ऱ्हाणारी पोर! तुमच्या चिठ्ठीत लिहिलंयत ना, मुलगी दिवसरात्र लाटांवर असते?”

ते वाक्य अप्पांचं; माझ्या माहितीची चिठ्ठी सगळीकडे जायची ती त्यांनीच लिहिलेली. मुलीची जाहिरात करायची तर अप्पांचा हात धरणारा कोणी नाही.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. “परतीच्या वाटेवर... पक्षी बघायचे राहिलेत,” मी म्हणाले.

“कावळा बघितलास की,” आत्या म्हणाली. “मी त्या बसमध्ये पुन्हा बसणार नाही. लाँचनेच जायचं.”

“बसनेच जाऊ, आत्या.”

“का पण?”

मग आपसूक शेपूट टाकलं गेलं. “माई, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. मला स्वयंपाक येत नाही. पोहेसुद्धा नाहीत. भात करायला गेले तर पेज होते.”

“अगो, त्यात काय मोठंसं!” माई म्हणाल्या. “लाँचवर बसून बोलू आपण.”

असलं कुचकामी शेपूट कुठल्या पालीने टाकलं नसेल.

“लाँच आज बंद आहे,” दिगंबर म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

“इंजिन उघडून ठेवलंय. पिस्टन काढलाय. आज काही ती पाण्यात जात नाही.”

त्याच क्षणी जेटीवरून भोंगा वाजला. लांब, जोरदार, ठणठणीत. त्या गावात कुठला भोंगा कुठल्या लाँचचा हे शेंबडं पोरही सांगेल. माईंनी तोंड उघडलं, लेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं.

“दुसरी असेल,” दिगंबर म्हणाला. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. पोह्यांबद्दलचं खोटं ज्याला पाच मिनिटं टिकवता आलं नाही, तोच हा माणूस.

माई आत्याला परसातलं आंब्याचं कलम दाखवायला घेऊन गेल्या. आत्याला झाडापेडांत काडीचा रस नव्हता, पण ती चटकन गेली. पडवीत आम्ही दोघंच उरलो.

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“काय?”

“तुम्हाला माहीत आहे काय ते.”

तो हसला. “इंजिन दुरुस्त झालं की चाचणीला मी खाडीच्या तोंडापर्यंत जातो. वर कड्यावर काळी छत्री दिसते. गेले दोन हंगाम दिसते. खाली धक्क्यावर तुमच्या संस्थेची होडी उभी असते, तुमच्यासाठीच. तांडेल तिच्यात झोपलेला असतो. डॉल्फिन होडीला घासून जातात, आणि तुम्ही त्यांना बघता मैलभर लांबून, दुर्बिणीने. एकदाही खाली आला नाहीत.”

“वरून जास्त दिसतात,” मी म्हणाले.

“दिसत असतील. पण आज तुम्ही खाडी ओलांडायची सोडून जिल्हा ओलांडून आलात.”

श्वास घ्यायला वर यावंच लागतं. मी आले. “मला पाणी सोसत नाही,” मी म्हणाले. “होडीत पाय ठेवला की पोट तोंडाशी येतं. धक्क्याला बांधलेल्या होडीतसुद्धा. समुद्रातल्या प्राण्यांवर काम करते आणि गुडघाभर पाण्यात उभी राहू शकत नाही. संस्थेत कळलं तर काढून टाकतील, घरी कळलं तर अप्पांना आयतं कोलीत. आत्यालाही सांगितलं नाही कधी.”

“मी कुणाला सांगणार नाही,” तो म्हणाला. “तसं सांगायचं असतं तर कधीच सांगितलं असतं.”

“मग निरोप आला तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, छत्रीवाली तीच म्हणून?”

“छत्री दिसली की सुकाणू वळवायचं, एवढं ठाऊक होतं. तिथून पुढे उथळ आहे. तुम्ही रजेवर होतात तेव्हा माझी लाँच एकदा रुतली.” त्याने रुमाल खिशात ठेवला. “म्हणून म्हटलं, कडा सोडू नका.”

आयुष्यात मला बरेच लोक बरंच काही बोलले असतील, पण वाळूत रुतलेल्या लाँचएवढं गोड कोणी बोललं नाही. त्यावर काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. पण मी बघितलं तर त्याची नजर पुन्हा वर सरकत होती. ट्यूबलाइटकडे.

“कुठे आहे ती?” मी विचारलं.

“मागेच असेल. शेपटीशिवाय. आता काय होतं हो तिचं?”

“वाढतं परत. थोडं आखूड, जरा वेगळ्या रंगाचं. पण वाढतं. आणि तिला पापण्या नसतात, म्हणून डोळे ती जिभेने पुसते.”

“कृपा करून हे जेवताना कधी सांगू नका.”

“नाही सांगणार.” मी त्याचं स्टूल ओढून ट्यूबलाइटकडे पाठ येईल असं ठेवलं आणि त्याला माझ्याकडे तोंड करून बसवलं. “आता तुम्ही वर बघायचं नाही. छताकडे मी बघते. तुम्ही माझ्याकडे बघा.”

त्याने बघितलं. व्यवस्थित, घाई न करता, पहिल्यांदाच मुलगी बघत असल्यासारखं.

परसदारातून आत्या आली तेव्हा ती दारातच थबकली. मी मान वर करून छत निरखते आहे, आणि तो कान लाल करून मला निरखतो आहे. “काय गं,” ती म्हणाली, “सापडली का पाल?”

“सापडली,” मी म्हणाले. “दोन होत्या.”

आत्याला त्या दिवशी परतीचा प्रवास एसटीनेच करावा लागला आणि त्याबद्दल तिने मला लग्नातल्या जेवणावळीपर्यंत माफ केलं नाही. अप्पा लग्नात सगळ्यांना सांगत होते, आमची कल्पना होती, मुलगी मुलाकडे पाठवायची.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कडा अजून माझा आहे. डॉल्फिनच्या जवळ जाऊन काही बघायचं असलं की लाँच घेऊन दिगंबर जातो आणि येऊन मला सांगतो. पिलाला चिकटून पोहणारी मादी तो आता माझ्यापेक्षा लवकर ओळखतो. मोरपिसं मी काढू दिली नाहीत. ती त्याला धीर देतात आणि मला दिसायला छान वाटतात. त्यांच्यामागे पाली सुखाने नांदतात.

आणि आजही आम्ही जेवायला बसलो, की तो समोर बघून जेवतो. छताकडे मी बघते.